घरच्या घरी हाफ इंजिन: स्प्लेंडरचं बोर-पिस्टन, व्हॉल्व्ह आणि टायमिंग

पुण्यातल्या गॅरेजांत इंजिनाच्या कामाला दोनच नावं आहेत, हाफ आणि फुल. हाफ इंजिन म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, ब्लॉक (ज्यात पिस्टन चालतो तो सिलिंडर), पिस्टन, रिंगा आणि टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी). फुल म्हणजे त्याच्याखालचं सगळं: क्रँक, गिअर, बेअरिंग. फुल करायचं तर इंजिन चेसिसमधून उतरवून केस (क्रँककेस, इंजिनाचं खालचं कवच) फोडावी लागते, आणि क्रँकचा रॉड बदलायला प्रेस लागतो. तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये नसतो. म्हणून नवख्या माणसाने घरी करायचं ते हाफ इंजिन.

शिकायला कार्बोरेटरवाली जुनी स्प्लेंडर सर्वांत बरी. ९७.२ सीसी, बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा पल्ला) ४९.५ मिमी, दोन व्हॉल्व्ह, एक कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). ब्लॉक जवळजवळ आडवा असल्याने इंजिन गाडीवरच ठेवून हेड आणि ब्लॉक पुढच्या बाजूने निघतात. २०२० नंतरच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीला सेन्सर आणि वायरिंग जास्त, तिच्यावर पहिला हात मारू नका.

नट उघडणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. घरी केलेली इंजिनं फसतात ती दोन कारणांनी: न मोजता आणलेले पार्ट, आणि धुण्याचा कंटाळा. खाली त्या दोन्हींवर जास्त लिहिलंय ते त्यामुळेच.

उघडण्याआधी खात्री करा

सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो कधी येतो ते बघा. चढावर किंवा रेस दिल्यावर सतत येत असेल तर संशय रिंगा आणि बोरवर. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर भसकन येऊन थांबत असेल, किंवा उतारावर थ्रॉटल सोडून परत उघडल्यावर येत असेल, तर व्हॉल्व्ह सील. नुसत्या सीलसाठी ब्लॉक बोर करून आणणारे कमी नाहीत. काळा धूर हा कार्बोरेटरचा किंवा एअर फिल्टरचा प्रश्न, त्यासाठी इंजिनाला हात लावू नका.

काँप्रेशन गेज मिळालं तर प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून सात-आठ किका मारा. थ्रॉटल बंद ठेवलात तर चांगलं इंजिनही कमी आकडा दाखवतं. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून परत मोजायची युक्ती सगळे सांगतात, आकडा वाढला तर रिंगा गेल्या. उभ्या ब्लॉकला ती चालते. स्प्लेंडरचा ब्लॉक आडवा, त्यात ऑइल खालच्या बाजूला साचतं आणि रिंगांच्या सगळ्या घेराला पोचत नाही. आकडा वाढला तर पुरावा धरा, नाही वाढला तर काहीच सिद्ध होत नाही.

इंजिनाच्या पोटातून जड 'ठक ठक' येत असेल तर बिग एंडचा (रॉड क्रँकला जोडतो त्या बेअरिंगचा) संशय घ्या. ब्लॉक काढल्यावर त्याची खात्री होते, पण मनाची आणि खिशाची तयारी आधीच ठेवा.

हत्यारं आणि सामान

८, १०, १२, १४ आणि १७ चे टी पाने आणि रिंग पाने, चांगल्या टोकाचे स्क्रू ड्रायव्हर, कव्हरच्या घट्ट स्क्रूंसाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर, सर्क्लिप (पिस्टन रॉडला जोडणारी पिन अडवणारी कडी) काढायची टोकदार पक्कड, फीलर गेज, व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प आणि छोटा टॉर्क पाना. इतक्यात काम होतं. रविवार पेठेत बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत मिळतं. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पाने स्वस्त मिळतील, पण घासलेल्या जबड्याचा पाना घेऊ नका. नटाचे कोपरे एकदा गोल झाले की पुढचा अर्धा दिवस त्यातच जातो.

जुन्या बाजारातून क्रँककेस मात्र कधीच आणू नका. इंजिन नंबर केसवर कोरलेला असतो आणि तो आरसीवर चढलेला असतो. दुसऱ्या गाडीची केस बसवलीत की प्रश्न मेकॅनिकचा राहत नाही, आरटीओचा होतो.

पार्ट नाना पेठेत घ्यायचे, पण उघडून, मोजून झाल्यावर. गॅस्केट किट, व्हॉल्व्ह सील आणि पिस्टन पिनच्या सर्क्लिपा तेवढ्या आधी आणायला हरकत नाही, त्या नव्या लागणारच. पाकिटावर पार्ट नंबर आहे ना ते बघा आणि बिल घ्या. डुप्लिकेट रिंगा डोळ्यांना अगदी सारख्या दिसतात, फरक हजार-दोन हजार किलोमीटरनंतर धुरात दिसतो.

घरून काय लागेल: दोन जुनी ताटं, बर्फाच्या ट्रे (लहान बोल्टांसाठी), पुठ्ठा, रॉकेल किंवा डिझेल, दात घासायचा जुना ब्रश आणि पांढऱ्या सुती चिंध्या. चिंध्या पांढऱ्याच हव्यात, कारण पुढे कळेल.

उघडणं

आदल्या रात्री सायलेन्सरच्या हेडजवळच्या दोन नटांवर गंज सोडवणारं स्प्रे ऑइल मारून ठेवा. हेडमधला स्टड तुटणं हा या कामातला सर्वांत मूर्ख खर्च आहे, आणि तो बहुतेक वेळा घाईनेच होतो.

गाडी मेन स्टँडवर घ्या. इंजिन कोमट असताना ऑइल सोडा. ऑइल बोटांवर घेऊन उन्हात बघा: चांदीसारखी बारीक चमक म्हणजे अॅल्युमिनियम, पिस्टन किंवा कॅमची बैठक घासतेय. बॅटरीची वायर सोडा, लेगगार्ड, सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढा, प्लग काढा.

आता डाव्या कव्हरवरची दोन गोल झाकणं उघडा. मधल्या भोकातून टी पान्याने मॅग्नेटचा नट पकडून क्रँक डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवा. वरच्या भोकात मॅग्नेटवरची इंग्रजी 'टी' जवळची रेघ खुणेला जुळली की पिस्टन टोकाला आला. पण ही रेघ दोन फेऱ्यांत दोनदा जुळते. हेडच्या डाव्या बाजूचं गोल कव्हर काढून कॅम स्प्रॉकेटवरची 'ओ' सारखी खूण हेडवरच्या खाचेसमोर आहे का बघा, आणि दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हाताने किंचित हलतात का तेही बघा. दोन्ही हलत असतील तर काँप्रेशन स्ट्रोक. नसतील तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरी फिरवा. इथे मोबाइलवर जवळून फोटो काढा.

चेन टेन्शनर ढिला करा, स्प्रॉकेटचे बोल्ट काढा आणि चेन तारेने बांधून ठेवा, नाहीतर ती केसमध्ये पडते. हेडचे बाजूचे छोटे बोल्ट आधी काढा, मग चार मोठे नट. ते आलटून पालटून, समोरासमोरचे, पाव-पाव फेरीने ढिले करायचे. एकच नट पूर्ण काढून टाकला तर हेड पिळतं. चारांपैकी कुठल्या नटाखाली तांब्याचा वॉशर आहे आणि कुठला नट बंद टोपीचा आहे ते कागदावर चित्र काढून लिहा. हेडकडे ऑइल जाण्याचा मार्ग या स्टडांच्या कडेने आहे. वॉशर चुकला तर सगळं काम बरोबर होऊनही हेडवरून ऑइल ठिबकतं.

हेड निघत नसेल तर रबरी हातोडीने हलकं ठोका. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, तिथे पडलेला एक ओरखडा पुढे कायम गळतो. ब्लॉक काढण्याआधी बाजूचा चेन गाइड रोलरचा बोल्ट काढायला विसरू नका. ब्लॉक अडकला असं वाटतं तेव्हा दहापैकी नऊ वेळा तोच राहिलेला असतो.

ब्लॉक थोडा पुढे आला की लगेच केसच्या तोंडात चिंधी कोंबा, मग पिस्टन पूर्ण बाहेर येऊ द्या. सर्क्लिप पक्कडीतून उडते आणि तिला केसचं तोंड बरोबर सापडतं. ती आत पडली तर तुमचं हाफ इंजिन त्याच क्षणी फुल होतं.

पिस्टन निघाल्यावर रॉड टोकाच्या स्थितीत धरून सरळ त्याच्या लांबीच्या दिशेने ढकला-ओढा. तिथे हाताला जरासाही ठोका लागता कामा नये. डावीकडे-उजवीकडे थोडा सरकतो, ते ठीक आहे, तसा तो हवाच. लांबीच्या दिशेने ठोका लागला तर इथेच थांबा. त्यावर नवा पिस्टन घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

मोजमाप

व्हर्नियर ०.०२ मिमी दाखवतो. बोरला तो पुरत नाही, कारण आपण ज्या झिजेचा निर्णय घेणार आहोत तीच ०.०५ ते ०.१० मिमीची असते. बोर गेज आणि मायक्रोमीटर घरी नसेल तर ब्लॉक आणि पिस्टन लेथवर (बोरिंगच्या वर्कशॉपात) न्या आणि समोर उभं राहून मोजून घ्या. बोरिंग करायला सांगायला नाही, आधी फक्त मोजायला.

सहा मापं घ्यायची: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी पिनच्या दिशेत एक व तिच्या काटकोनात एक. बोर सगळ्यात जास्त घासतो तो वरच्या रिंगेच्या पल्ल्याच्या टोकाला, आणि पिनच्या काटकोनातल्या दिशेत. रॉड तिरका होतो तेव्हा पिस्टनला त्याच भिंतीवर रेटतो, म्हणून बोर अंडाकृती होतो. वरच्या कडेला नख फिरवा: न घासलेल्या पट्टीवर नख अडकलं तर झीज बरीच झाली.

गेज नसतानाही एक चाचणी घरी होते. वरची रिंग एकटी बोरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने ढकलून १० मिमी आत सरळ बसवा आणि तिच्या तोंडातली फट फीलरने मोजा. ५० मिमीच्या बोरला नवी रिंग साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी दाखवते. फट अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेली की रिंग संपली. आता हीच रिंग बोरच्या तळाशी, जिथे झीज नसते तिथे नेऊन मोजा. वर आणि खाली फटीत जितका फरक, त्याला ३.१४ ने भागलं की बोरच्या व्यासातला फरक मिळतो. म्हणजे वर ०.६०, खाली ०.३० आलं, तर बोर वरच्या बाजूला जवळपास ०.१० मिमीने मोठा झालाय. त्यात नुसत्या नव्या रिंगा टाकून भागणार नाही.

बोर मोठा करून घालायचे ओव्हरसाइझ पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमीचे येतात. ओरखडे आणि अंडाकार साफ होईल ती सर्वांत लहान साइझ निवडा. 'मोठा पिस्टन टाकून पॉवर वाढवू' हा गैरसमज आहे. ०.५० टाकला तरी ९७.२ चे ९९.१ सीसी होतात. त्यासाठी ब्लॉकचं अर्धं आयुष्य खर्ची घालायचं नसतं.

लेथवर काय सांगायचं

पिस्टन आधी विकत घ्या आणि ब्लॉकसोबत द्या. बोर त्या पिस्टनला मापून करायचा असतो, पाकिटावरच्या आकड्याला नाही. पिस्टनचा व्यास माथ्याला मोजू नका, स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) खालच्या कडेपासून १० मिमी वर, पिनच्या काटकोनात मोजतात. कारण पिस्टन वर निमुळता आणि किंचित अंडाकृती असतो, मुद्दामच.

लेथवाले थाऊमध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिमी. 'दोन-तीन थाऊ ढिला ठेवतो, पकडणार नाही' (पिस्टन बोरमध्ये अडकणार नाही) असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. हवेवर थंड होणाऱ्या या छोट्या इंजिनाला एक ते दीड थाऊ भरपूर झाला. तीन थाऊ ठेवला तर गाडी पकडणार नाही हे खरं, पण पिस्टन पहिल्या दिवसापासून खडखडेल. बोरिंगनंतर होनिंग (दगडाने भिंत घासणं) झालंय ना ते बघा: भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा दिसल्या पाहिजेत. ऑइल त्या रेघांत टिकतं आणि रिंगा त्यांच्यावरच बसतात. आरशासारखा चकचकीत बोर आणून दिला तर परत पाठवा.

धुणं

होनिंगच्या रेघांत दगडाची भुकटी अडकलेली असते. ती रॉकेलने निघत नाही. रॉकेल ती फक्त पसरवतं, आणि वर ऑइल लावलं की तयार होते ग्राइंडिंग पेस्ट. नव्या रिंगा पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये खाऊन टाकायला ती पुरते.

म्हणून रॉकेलनंतर गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश. घासा, धुवा, परत घासा. मग पांढऱ्या चिंधीला थोडं ऑइल लावून बोर पुसा. चिंधी करडी झाली तर परत साबण. चार-पाच फेऱ्या होतात. चिंधी पांढरी राहिली की थांबायचं. त्यानंतर लगेच, चहाला जाण्याआधी, कोरडं करून बोरला ऑइलचा हात फिरवा. आषाढातल्या दमट हवेत उघड्या ओतीव लोखंडावर तांबूस झाक यायला तासभरही लागत नाही.

उजवं क्लच कव्हर याच वेळी उघडा. आत ऑइलची जाळी आहे आणि क्लचच्या तोंडावर फिरता ऑइल फिल्टर. दोन्हींत चिखलासारखा गाळ मिळेल. कॅम आणि रॉकर सुके पडून घासतात त्याचं मूळ बऱ्याचदा या जाळीत असतं. वर नवं आणि खाली गाळ, असं ठेवू नका.

हेड आणि व्हॉल्व्ह

कार्बन लाकडी पट्टीने खरवडा. व्हॉल्व्ह काढून आत-बाहेर ओळखून ठेवा. व्हॉल्व्ह गाइडमध्ये (ज्या नळीत तो सरकतो) थोडा बाहेर काढून हलवा, बाजूला खुळखुळत असेल तर गाइड लेथवर बदलावा लागेल. नुसत्या नव्या सीलने तो धूर महिनाभरच थांबतो.

लॅपिंगला, म्हणजे पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासायला, आधी जाड, मग बारीक पेस्ट. मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट चार ठिकाणी लावा, रबरी कप चिकटवलेली काठी तळहातांत घुसळा, रवीसारखी, आणि मधून मधून व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून ठेवा. व्हॉल्व्हवर आणि सीटवर अखंड, सारख्या रुंदीची करडी पट्टी आली की झालं, साधारण एक मिलिमीटर. पेस्ट पोर्टमधून आणि गाइडमधून पूर्ण धुवा. नवे सील, स्प्रिंग, लॉक बसवून झाल्यावर हेडच्या पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि पाच मिनिटं बघा. व्हॉल्व्हच्या कडेला ओल आली तर परत लॅपिंग. स्प्रिंगचे जवळ जवळचे वेढे हेडकडे येतात.

हेडचा पृष्ठभाग जाड काचेवर ठेवून फीलर फिरवा. ०.०५ ची पाती कुठेही आत जात असेल तर काचेवर पॉलिशपेपर ओला करून, हेड इंग्रजी आठच्या आकारात घासा.

जोडणी

रिंगेवरचं अक्षर वर, माथ्याकडे. रिंग हाताने गरजेपेक्षा जास्त फाकवू नका, ओतीव रिंग आवाज करून तुटते. तिन्ही रिंगांची तोंडं १२० अंशांवर, कुठलंच पिनच्या रेषेत नको. पिस्टनच्या माथ्यावर 'इन' लिहिलेली बाजू इनटेककडे, म्हणजे या आडव्या ब्लॉकमध्ये वर. नव्या सर्क्लिपचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नका.

जुनं पॅकिंग (गॅस्केट) ब्लेडने, आडवं धरून काढा. नवं कोरडंच बसवा. दोन्ही बाजूंना सिलिकॉन थापायची खोड गळती थांबवते आणि इंजिन मारते: दाबाने बाहेर आलेला सिलिकॉनचा तुकडा ऑइलच्या बारीक भोकात जाऊन बसतो आणि कॅम सुका पडतो. डॉवेल पिना (ब्लॉक आणि हेड नेमक्या जागी बसवणाऱ्या) आणि ओरिंगा जागेवर आहेत का दोनदा बघा. एखादी ओरिंग जुन्या ब्लॉकला चिकटून कचऱ्यात गेलेली असते.

बोर आणि पिस्टनला ऑइल लावा आणि रिंगा बोटांनी दाबत ब्लॉक सरकवा. अडला तर जोर नाही. परत काढून बघा, रिंग खाचेबाहेर आलेली असते. हेडचे नट समोरासमोर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. ६ मिमीच्या छोट्या बोल्टांना १० न्यूटन-मीटर पुरे. मनगटाच्या अंदाजावर अॅल्युमिनियमची आटी निघून येते.

टायमिंग उघडताना पाहिलं तसंच: मॅग्नेटची 'टी' रेघ आणि स्प्रॉकेटची 'ओ' खूण, दोन्ही एकाच वेळी. बोल्ट लावून, टेन्शनर घट्ट करून क्रँक हाताने चार फेऱ्या फिरवा आणि खुणा परत तपासा. फिरताना कुठे कडक अडथळा आला तर थांबा, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय. किक मारून तो ओलांडायचा नसतो. एक दात चुकला तरी गाडी चालू होते, फक्त दम नसतो, आणि लोक मग महिनाभर कार्बोरेटर उघडत बसतात.

टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, थंड इंजिनावर, काँप्रेशनच्या टोकाला. या जुन्या इंजिनात दोन्हींना ०.०५ मिमी. ०.०५ ची पाती किंचित ओढ देत गेली पाहिजे, ०.१० ची जाता कामा नये. चेक नट घट्ट करताना स्क्रू थोडा फिरतो, म्हणून घट्ट केल्यावर परत मोजा. टॅपेटचा थोडा आवाज चालेल. आवाज नको म्हणून शून्यावर आणलेला व्हॉल्व्ह गरम झाल्यावर पूर्ण मिटत नाही आणि जळतो.

पहिला स्टार्ट आणि पहिले ५०० किलोमीटर

१०डब्ल्यू-३० ऑइल, बाटलीवर जासो एमए (बाइकच्या ओल्या क्लचसाठीचा दर्जा) लिहिलेलं. कारचं ऑइल नको, क्लच त्याच ऑइलमध्ये भिजतो आणि घसरायला लागतो. एक लिटरची पूर्ण बाटली एकदम ओतू नका. ऑइलची काडी आटी न आवळता नुसती टेकवून पातळी बघा.

प्लग न लावता पंचवीस-तीस किका मारा, म्हणजे ऑइल वर चढेल. मग प्लग लावून चालू करा. पहिली दोन-चार मिनिटं थोडा पांढरा-निळा धूर येतो, तो जोडताना लावलेल्या ऑइलचा. मिनिटभराने बंद करून टॅपेटची झाकणी उघडा: आत ओलं ताजं ऑइल दिसलं पाहिजे. कोरडं असेल तर पुन्हा चालू करायचं नाही.

उभ्या गाडीवर तासभर आयडलिंग करून रनिंग-इन (नव्या रिंगा बोरला बसणं) होत नाही, उलट बोर गुळगुळीत होऊन रिंगा बसत नाहीत. गाडी चालवा, वेग सतत बदलता ठेवा, ४५-५० च्या आत, आणि मोठ्या गिअरमध्ये इंजिन कोंडू नका. सकाळी सहाला हडपसरच्या पुढे सोलापूर रस्ता चांगला. स्वारगेटच्या सिग्नलांवर संध्याकाळी उभं राहणं आणि डबलसीट कात्रज किंवा सिंहगडचा घाट, दोन्ही या दिवसांत टाळा.

पहिलं ऑइल १०० किलोमीटरला काढा, त्यात चमक दिसेल, ती रिंगा बसल्याची. दुसरं ५०० ला, त्यात ती जवळजवळ नसावी. काढलेलं ऑइल डब्यात भरून गॅरेजला द्या, ते भंगारात घेतलं जातं. गटारात ओतलेलं ऑइल शेवटी मुठेत जातं. ५०० ला इंजिन रात्रभर थंड करून टॅपेट पुन्हा मोजा. नव्या सीटवर व्हॉल्व्ह थोडा आत बसतो आणि फट कमी होते, आणि ती कमी झालेली आवाजावरून कळत नाही.